बी.एड. करतेय आणि मला आयतं काय काय मिळालंय याची यादी करतेय

नौपाडा_ते_रबाळे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या इंटर्नशिप चालू आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची, रबाळ्याला उतरायचं आणि जवळच्या एका शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवायचं.

परवा कॉलेजात चर्चेत अमेरिकेचा विषय निघाला. पेगी मॅकिंटॉश नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८८ साली स्वतःपुरती एक यादी केली होती. आपण गोऱ्या आहोत, तर निव्वळ तेवढ्यावर रोजच्या जगण्यात आपल्या पदरात काय काय पडतं? त्यात मोठमोठ्या गोष्टी नाहीत. जखमेवर लावायची 'अंगाच्या रंगाची' पट्टी घ्यायला गेलं की ती बरोब्बर आपल्याच रंगाची निघते. मुलांच्या पुस्तकांत आपल्या वंशाची माणसं असणार याची खात्री असते. असं बरंच. तिकडे शिक्षक व्हायला निघालेल्यांना ही यादी वाचायला देतात म्हणे.

आमच्या वर्गाचं मत पडलं की तिकडे काळे-गोरे आहे, आपल्याकडे तसलं काही नाही. विषय संपला, सगळे चहाला गेले.

माझ्या डोक्यातून काही जाईना. घरी जाताना गाडीत वही काढली आणि वंशाच्या जागी जात घालून लिहायला लागले. माझं आडनाव ऐकल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. घरात जे बोलतो तेच पुस्तकात छापलेलं, त्यामुळे पहिलीपासून माझं मराठी 'शुद्ध'. त्यासाठी मी कष्ट काय केले, तर शून्य. शाळेतली प्रार्थना, श्लोक, सणांचे निबंध सगळं घरचंच. डबा उघडताना आजूबाजूला बघावं लागलं नाही. आजोबा बँकेत, आजी त्या काळची मॅट्रिक, म्हणजे घरातच शिकवणी, तीही फुकट. मार्क चांगले पडले तर 'हुशार आहे हो', कमी पडले तर 'पेपर अवघड होता'. कमी मार्कांचा संबंध माझ्या जातीशी कुणी लावला नाही आणि चांगल्या मार्कांना 'सवलतीतले' म्हणालं नाही.

हे सगळं सुचायला निमित्त झालं ते वर्गातलं. मी मागच्या बाकावर निरीक्षणाची वही घेऊन बसले होते. वर्गशिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा. आधी एस.सी., मग एस.टी., मग व्हीजेएनटी." माझ्या तासाला सगळ्यांच्या आधी हात वर करणारी एक मुलगी आहे. ती उठली, पण पुरती उभी राहिली नाही. गुडघे वाकलेले, दोन्ही हात बाकाच्या कडेवर. शेजारणीने आपली कंपासपेटी स्वतःकडे ओढून घेतली. कदाचित जागा करून दिली असेल, मला माहीत नाही. बाईंनी पेनाच्या टोकाने मोजलं, "बसा," म्हणाल्या आणि पुढचा प्रवर्ग पुकारला. बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. घंटा व्हायच्या आत ऑफिसात यादी द्यायची होती, एवढंच.

माझ्या शाळेतही हे दरवर्षी होत असणारच. मला एकही वेळ आठवत नाही. बसून राहणाऱ्याला कशाला आठवेल?

टीईटी, टेट या शिक्षक भरतीच्या परीक्षा, मुलाखत असं सगळं पार पडलं तर मीच अशा वर्गावर उभी असेन. 'मला किती अपराधी वाटतंय' असा धागा काढायचा नाहीये. वर्गात नेमकं काय बदलायचं, हे इथल्या शिक्षकांकडून आणि शाळेत उभं राहावं लागलेल्यांकडून ऐकायचंय.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

कोपरी_पूर्व

धागाकर्तीचा हेतू चांगला असेल, पण मला हे पटत नाही. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते. कंपनी बंद पडली, देणी बुडाली. आई पोळ्या करून द्यायची. मी ओपनमध्ये. ना फी माफ, ना वह्या, ना शिष्यवृत्ती. ते 'उभे राहा' म्हणायचे तेव्हा मी बसून असायचो हे खरं, पण उठणाऱ्यांना निदान काहीतरी मिळत तरी होतं. मला आयतं काय मिळालं ते सांगा.

आणि दुसरं, जी गोष्ट विसरायची तीच तुम्ही शिक्षक लोक उकरत बसलात तर पोरं विसरणार कधी?

निलाक्षी

लेख आवडला. कंपासपेटी डोळ्यांसमोर आली. पुढील लेखनाला शुभेच्छा.

नौपाडा_ते_रबाळे

>> मला आयतं काय मिळालं ते सांगा.

कोपरी_पूर्व, तुमच्या घरी हाल झाले ते झालेच, त्यात वाद नाही. मी फक्त विचारते. कंपनी बंद पडल्यावर तुम्ही घर बदललंत का? बदललं असेल तर नवी खोली बघताना आडनावावरून कुणी 'नाही' म्हणालं का? आईंच्या हातच्या पोळ्या घेणाऱ्यांनी 'तुम्ही कोण?' असं विचारलं का? विचारलं असेल तर उत्तर ऐकून पोळ्या बंद झाल्या का?

कोपरी_पूर्व

हा वकिली प्रश्न झाला. उत्तर देतो, पण रात्री. आता गाडीत आहे.

जर्सीवाली

मी मूळची वाशीची, सेक्टर १७ च्या आसपासची. लग्नानंतर इकडे न्यू जर्सीला आले आणि चाळिशीत शिक्षिकेचं प्रमाणपत्र घेतलं. ती यादी आम्हालाही होती.

इथलं चित्र साधारण असं आहे. सरकारी शाळांमधले दहापैकी आठ शिक्षक गोरे आणि विद्यार्थ्यांत गोरी मुलं निम्म्याहून कमी. त्यामुळे शिक्षण महाविद्यालयात बसलेली बहुतेक मुलंमुली अशी की ज्यांना स्वतःच्या रंगाचा विचार करायची कधी वेळच आलेली नाही. आमच्याबरोबरचा एक मुलगा भडकून म्हणाला होता की माझा बाप ट्रक चालवतो, मला कसली आलीय सवलत. कोपरी_पूर्व, तुमचा प्रतिसाद वाचून तोच आठवला. त्याला आमच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुझं गरीब असणं खरं आहे. पण तू रात्री दुकानात शिरलास तर पहारेकरी तुझ्या मागे फिरत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात."

मी त्या वर्गात ताठ मानेने बसायचे, कारण इथे मी सावळी, परकी, उच्चार वेगळा. माझ्याकडे तक्रारींची पोतडी तयार होती. वाशीच्या शाळेतली यादी करायला सांगितली असती तर कागद कोरा राहिला असता. अमेरिकेत आलं की आपण सगळे एका रात्रीत पीडित होतो, हा इथल्या मराठी मंडळींचा आवडता उद्योग आहे. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी केली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटात जी आग लागली ती बघण्यासारखी होती. गोऱ्यांनी आपल्याला नोकरीत डावललं की तो वंशभेद, आणि आपण कुणाला आडनाव विचारलं की ती ओळख!

'तिकडे काळे-गोरे, आपल्याकडे नाही' म्हणणाऱ्या तुमच्या वर्गमित्रांना सांगा की हा धागा जोडणारी मी पहिली नव्हे. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिकडचे काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं, त्यात दोन्हीकडच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं, आणि ड्युबॉइस यांचं उत्तरही आलं होतं. फरक आहेच. तिकडे कातडी दुरून दिसते, आपल्याकडे विचारावं लागतं. म्हणून तर आपल्याकडे इतकं विचारतात.

अबोली

'रंग नाही' कोण म्हणतंय? स्नेहसंमेलनाच्या नाचात पहिली रांग बघा कुठल्याही शाळेत. स्वागताला आरती घेऊन उभ्या केलेल्या मुली बघा. मी सावळी. पाच वर्षं झाड झाले आणि एकदा राक्षस.

टवाळ

अबोली, राक्षस तरी बोलतो. मी डोंगर होतो.

पामबीच

आमच्या सोसायटीतल्या नेपाळी वॉचमनचा मुलगा माझ्या मुलाच्या वर्गात आहे. जन्म नेरूळचा, मराठी माझ्या मुलापेक्षा चांगलं. वर्गात त्याचं नाव 'बहादूर', आणि ते ठेवलंय पीटीच्या सरांनी. आता याला वंशभेद म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पालकसभेत मी विषय काढला, तर 'प्रेमानं म्हणतात हो' असं उत्तर मिळालं.

घणसोलीकर

सविस्तर लिहितो, कारण दोन्ही बाजू पाहिल्यात.

आम्ही आगरी. नवी मुंबई वसवायला सिडको आली १९७० ला. पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ ला उरणच्या जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना आली. हे इथं सगळ्यांना माहीत असतं असं मी समजायचो. पण नव्या नवी मुंबईतल्या पोरांना वाटतं की हे शहर माळरानावर उगवलं.

माझ्या शाळेतले मास्तर बाहेरून यायचे. आमच्या तोंडात ळ नाही आणि ण नाही. "डोल्यान कचरा गेला" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. हसायला सुरुवात मास्तर करायचे. तोंडी परीक्षेत मी गप्प राहायला शिकलो. लेखीत चांगले मार्क, तोंडीत भोपळा. पुस्तकात 'निसर्गाच्या सान्निध्यात राहणारे लोक' असा धडा होता. जाळं कसं विणतात, भरती-ओहोटी कशी बघतात, हे त्या वर्गात मास्तर सोडून सगळ्यांना येत होतं. विचारलं कुणी नाही.

आता दुसरी बाजू. आज गावठाणात आमच्या चाळी आहेत, काहींच्या इमारती. भाडेकरू कोण? नाक्यावर उभे राहणारे, खाणीवरचे, यूपी-बिहारचे, मराठवाड्यातून आलेले. आमच्याकडेही खोली देताना आडनाव विचारतात. खोटं कशाला बोलू? माझा मुलगा आणि भाडेकरूचा मुलगा एकाच वर्गात आहेत. पालकसभेला मी गेलो की मुख्याध्यापक खुर्ची देतात. ती बाई दाराशी उभी असते, कामावरून अर्धा दिवस खाडा करून आलेली. माझ्या पोराने काच फोडली तर 'मस्ती करतो', तिच्या पोराने फोडली तर 'वळण नाही'.

त्यामुळे ताई, तुमच्या यादीला माझा पाठिंबा आहे, पण एक सांगतो. यादी फक्त नौपाड्यातल्यांनी करायची नसते. शिडीवर प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे आणि वर बघून ओरडताना पाय कुणाच्या बोटांवर पडलाय ते कळत नाही.

शहाणी_सून

+१ घणसोलीकर. ते 'वळण नाही' फार ऐकलंय.

परखड

म्हणजे आता सगळेच दोषी. मग कुणीच दोषी नाही. छान सोय झाली.

घणसोलीकर

परखडसाहेब, दोषी कोण ते कोर्ट बघेल. मी खुर्ची कुणाला मिळते ते सांगतोय.

दगडफूल

दिघ्याची. आई-वडील खाणीवर. आम्ही वडार, कागदावर विमुक्त जाती. माझी मुलगी आता कॉलेजात आहे आणि मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते.

इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. तो रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या 'विमुक्त' झाल्या. मी शाळेत गेले त्याच्या खूप नंतर. तरी वर्गात काही हरवलं की पहिलं दप्तर माझं उपडं व्हायचं. पेन, रबर, सहलीचे पैसे, काहीही. सापडायचं दुसरीकडे, बहुतेकदा ज्याचं त्याच्याच दप्तरात. मग बाई म्हणायच्या, "बरं झालं सापडलं." माझी पुस्तकं जमिनीवरून मीच गोळा करायची.

धागाकर्ती, तुमचं दप्तर कुणी उपडं केलं नाही, ही गोष्ट तुमच्या यादीत नाही. ती तुम्हाला सुचणारच नव्हती.

आणि मला गणित यायचं. खरंच यायचं. क्रीडा दिनाच्या याद्या झाल्या तेव्हा सर म्हणाले, "तुमच्यात ताकद असते, गोळाफेकीत जा." त्याच दिवशी गणित प्रज्ञेच्या परीक्षेची नावं लिहून घेत होते, शेजारच्या खोलीत. मी गोळा फेकला. तालुक्यात दुसरी आले. त्याचं प्रशस्तिपत्र आईनं अजून ठेवलंय आणि मला त्याचा राग येतो, हे तिला सांगता येत नाही.

शिक्षक होणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय की आमच्यावर दया करू नका. 'बिचारी कुठून येते' हेही मी फार ऐकलंय. त्या 'बिचारी'नंतर उत्तर तपासणं बंद होतं. चुकलं तर चूक म्हणा. जमलं तर पुढचं अवघड द्या.

नौपाडा_ते_रबाळे

दगडफूलताई, दप्तर यादीत घातलं. वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

चैत्यभूमीवरून

दगडफूल यांच्या गोळाफेकीवरून. आमचं आडनाव '–कांबळे' प्रकारचं. पाचवी ते दहावी १४ एप्रिलचं भाषण दरवर्षी मी. सहा डिसेंबरचंही मी. शिवजयंतीला, विज्ञान दिनाला, निरोप समारंभाला एकदाही नाही. बाबासाहेबांवर बोलायला मला आवडायचंच हो. पण ते बाकीच्यांचे कुणी लागत नाहीत का? मी भाषण करायचो तेव्हा मागच्या बाकावरचे डबे खात असायचे आणि सर त्यांना गप्प करायचे नाहीत. टिळकांवर भाषण असलं की करायचे.

आकडेमोड

भावनांच्या मध्ये थोडी रुक्ष माहिती, चालेल ना?

'उभे राहा' या प्रकाराला धरून एक अभ्यास आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जात जाहीर केली नाही तेव्हा वरच्या आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींची मुलं सारखीच कोडी सोडवत होती. सुरुवातीला सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली की खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची संख्या घसरली. मुलं तीच, कोडी तीच. फक्त पुकारा झाला.

दुसरा २०१२ चा, रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा. त्यांनी मुलांचे पेपर शिक्षकांकडून तपासून घेतले आणि पेपरावर मुलाची जात वगैरे माहिती आलटून पालटून टाकली. खालची जात लिहिलेल्या पेपरांना थोडे कमी गुण पडले. फार नाही, पण पडले. आणि आता परखड यांना आवडेल असा भाग: हा फरक मुख्यतः खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींतल्या तपासनिसांच्या हातून झालेला दिसला. त्यामुळे 'सवर्ण शिक्षकांनी यादी केली की प्रश्न सुटला' असं नाही. सगळ्यांनीच नाव झाकून तपासलेलं बरं.

परखड

आवडलं. पण मग धाग्याचं शीर्षक बदला.

दगडफूल

आकडेमोड, हे मला नवल वाटण्यासारखं नाही. वर आलेला माणूस आपल्यातल्याला जास्त कडक तपासतो, 'आमचं नाव घालवू नको' म्हणून. मी स्टाफरूममध्ये रोज बघते. सगळे पेपर पहिलं पान मागे दुमडून गठ्ठा करायचा आणि मग तपासायला बसायचं. अक्षरावरून ओळखू येतंच, पण दहा पेपर झाले की ओळखायचा कंटाळा येतो.

संपादक

मधला एक प्रतिसाद उडवला आहे. आरक्षण असावं की नसावं यासाठी आधीचे अनेक धागे उपलब्ध आहेत. इथे वर्गाबद्दल बोलू या.

कोपरी_पूर्व

रात्री म्हणालो होतो, उत्तर देतो.

हो, घर बदललं. वागळे इस्टेटचं भाडं झेपेना म्हणून कोपरीत आलो. खोली वडिलांच्या गाववाल्याच्या ओळखीने मिळाली, आमच्यातलेच. डिपॉझिटही त्याने थांबवून ठेवलं. आईच्या पोळ्यांची गिऱ्हाइकं मारुतीच्या देवळात ओळख झालेल्या बायका होत्या. 'तुम्ही कोण?' विचारलं होतं, आईने सांगितलं, आणि पोळ्या वाढल्या.

हे आत्तापर्यंत मी 'ओळखी' या खात्यात टाकत होतो. ते कुठल्या खात्यात टाकायचं यावर अजून विचार करीन. पण मी माझ्या मतावर कायम आहे की माझ्यासारख्या पोराला शाळेने वह्या द्यायला हव्या होत्या. २०१९ ला आर्थिक निकषावरचं दहा टक्के आलं तोवर माझं शिक्षण संपलं होतं.

नौपाडा_ते_रबाळे

वह्यांबद्दल शंभर टक्के सहमत. द्यायलाच हव्या होत्या.

निवृत्त_मास्तर

धागा पूर्ण वाचला. मी शहापूर-मुरबाड पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, आता कळव्यात मुलाकडे असतो. विचारलंय की 'नेमकं काय करायचं', म्हणून कामाचं लिहितो.

पहिली गोष्ट. मुलांना उभं करायची गरजच नसते! जात जनरल रजिस्टरात प्रवेशाच्या दिवशीच लिहिलेली असते. शिष्यवृत्तीची यादी त्यातून निघते. अर्धा तास ऑफिसात बसायचं, रजिस्टर उघडायचं, आपल्या वर्गाची नावं उतरवून घ्यायची. जे शिक्षक वर्गात पुकारा करतात ते तो अर्धा तास वाचवतात. त्याची किंमत पोरं देतात. यात समाजशास्त्र काही नाही, आळस आहे.

दुसरी. कागदपत्रं पालकांकडून मागवायची तर सगळ्या वर्गाला चिठ्ठी द्यायची, घडी घातलेली, प्रत्येकाला काही ना काही. कुणाला आधारची प्रत, कुणाला जातीचा दाखला, कुणाला नुसतं 'आपल्या पाल्याची जन्मतारीख तपासून सही करा'. सगळ्यांच्या हातात कागद असला की कुणाच्या कागदावर काय आहे ते कुणी विचारत नाही. हजेरीत नावापुढे लाल पेनाने प्रवर्ग लिहायची सवय असते, ती मोडा. हजेरी टेबलावर उघडी पडलेली असते, पोरं वाचतात.

तिसरी गोष्ट कातकरी मुलांची. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मालकाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला. पाऊस पडायच्या बेताला परत येतात. म्हणजे निम्मं वर्ष मूल गायब. नवे शिक्षक येतात आणि महिन्याभरात म्हणतात, "या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." मी विचारायचो, तुझ्या बापावर उचल असती तर तू कुठे असतास? कातकरी समाज सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात आहे, महाराष्ट्रातल्या तीन गटांपैकी एक. पण हजेरीत ते 'सतत गैरहजर' एवढंच असतात. अशा मुलांना जाताना शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसवून घेतात. पत्रक भरायला दहा मिनिटं लागतात. तीही पुष्कळांना जड होतात. मूल निघून गेल्यावर आठवतं.

बाकी तुमची ती अमेरिकन यादी चांगली आहे. वर्षातून एकदा करा. रजिस्टर मात्र जूनमध्येच उघडा.

जर्सीवाली

मास्तर, दंडवत. घडीच्या चिठ्ठीची कल्पना उचलतेय. इथे फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांची हीच गत व्हायची. वेगळं कूपन, वेगळी रांग. आता बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचा एकच नंबर टाकायचा असतो, पैसे कुणाचे कुठून येतात ते रांगेत दिसत नाही.

पामबीच

आणि 'बहादूर'चं काय करायचं मास्तर?

निवृत्त_मास्तर

सरांना एकट्यात गाठा. सभेत बोललात तर ते बचाव करणार. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ दाखवा, त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. कायदा दाखवायची वेळ बहुधा येत नाही. "सर, त्याच्या वडिलांनी नाव वेगळं ठेवलंय," एवढं पुरतं. नाही पुरलं तर मग लेखी द्या, पोच घ्या.

नौपाडा_ते_रबाळे

आज मार्गदर्शक शिक्षिकेशी बोलले. 'तुमचं चुकतंय' वगैरे काही म्हणाले नाही, माझी तिथं पायरी किती ते मला माहीत आहे. मी म्हणाले, "बाई, पुढच्या वेळची यादी मी रजिस्टरातून काढून देऊ का? मला दफ्तराचं काम शिकायचंय." बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ बाई, क्लार्क रजिस्टर देतोय का." क्लार्कने दिलं, पण 'ऑफिसातच बसायचं, बाहेर न्यायचं नाही' या अटीवर. आठवीच्या दोन तुकड्यांची नावं काढली. दोन मुलांचा प्रवर्गाचा रकाना कोरा होता, ती दोघं वर्गात उभी राहिलीच नव्हती. म्हणजे पुकाऱ्याने ती यादीतून सुटली होती.

मास्तर, या दोघांचं काय करू? पालकांना बोलावू की चिठ्ठी पाठवू?

निवृत्त_मास्तर

बोलावू नका, त्यांची मजुरी बुडेल. शाळा सुटताना कुणी न्यायला येत असेल तर बाजूला घेऊन विचारा. जातीचा दाखला नसेल तर बहुधा सरकारने ठरवलेल्या जुन्या तारखेआधीचा रहिवासाचा किंवा जातीचा पुरावा नाही म्हणून अडलेलं असतं, विमुक्त-भटक्यांत आणि स्थलांतरितांत हे फार. आजोबांचा किंवा चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला गावाकडच्या शाळेतून मागवता येतो का बघा. नक्कल काढायला तिथल्या मुख्याध्यापकांना अर्ज करावा लागतो.

दगडफूल

रबाळे-दिघा भागातली मुलं असतील तर मला व्यक्तिगत निरोप करा. असे अर्ज मी भरून देते, मला त्या रांगेतल्या सगळ्या खिडक्या पाठ आहेत. एक वडार असेल आणि गाव सोलापूरकडचं असेल तर काम लवकर होईल, कर्नाटकातलं निघालं तर वेळ लागेल.

कोपरी_पूर्व

मास्तर, आर्थिक दुर्बलवाल्यांची नावंही त्याच रजिस्टरात असतात का? शेजारचा मुलगा दहावीला आहे, वडील रिक्षा चालवतात, ओपनमध्ये.

निवृत्त_मास्तर

नाही, ते रजिस्टरात नसतं. तो दाखला तहसील कार्यालयातून काढायचा, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं आणि बाकी निकषही आहेत. जुना चालत नाही, चालू वर्षाचा लागतो. त्याला कामी येईल अकरावीच्या प्रवेशाला. निकालानंतर गर्दी होते, एप्रिलमध्येच अर्ज टाकायला सांगा.